वारणेच्या पुलापाशी

सकाळचे पावणेआठ. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली निम्मी शटरं अजून खाली आहेत. मागच्या गल्लीत एक लेथ सुरू झालंय, त्याचा एकसुरी आवाज भिंतीतून येतोय. आमची गाडी कालपासून इथंच मुक्कामाला आहे. मिस्त्रींनीच तसं सांगितलं होतं. "गार इंजिन पायजे मला ताई. घरनं चालवत आणली की तापती, मग काय ऐकू येत न्हाई."

मी पायरीवर बसलेय. मिस्त्री बॉनेट उघडतात, पण आत बघत नाहीत. बारक्याला म्हणतात, "किल्ली फिरव. रेस देऊ नगंस." आणि स्वतः पुढच्या चाकाशेजारी गुडघा टेकून, मान कलती करून बसतात. देवळात घंटेचा नाद विरेपर्यंत माणसं थांबतात, तसे.

इंजिन सुरू होतं. मला नेहमीचाच आवाज येतो. मिस्त्री हाताने मला जवळ बोलावतात, ओठांवर बोट ठेवतात. मी त्यांच्याशेजारी वाकते. आणि मग येतो. खालून, बराच आतून, बारीक. फुस, फुस, फुस. झोपलेल्या माणसाचं नाक किंचित चोंदलेलं असावं तसा. मिस्त्री मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहतात. तीन मिनिटांच्या आसपास तो आवाज बारीक होत होत इंजिनाच्या घरघरीत मिसळून जातो.

"गेला," मी म्हणते.

"गेला न्हाई. लोखंड तापलं, फुगलं, फट बारीक झाली. आवाज दबला."

दीड वर्ष मी ही गाडी रोज सकाळी सुरू करतेय. हा आवाज मी कधीच ऐकलेला नाही. काचा वर, रेडिओ सुरू, शाळेची घाई.

गाडी २०१४ सालची, पेट्रोलवरची. बाबांनी पुण्यात घेतली, निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी. आता ते कराडला असतात, मोतीबिंदूनंतर गाडी चालवणं त्यांनी आपणहून सोडलं, आणि गाडी माझ्याकडे आली. सोबत डॅशबोर्डच्या खणातली त्यांची वहीही आली, जिच्यात गाडीचा प्रत्येक लिटर आणि प्रत्येक पाना लिहिलेला आहे. एक लाख अठ्ठावीस हजार किलोमीटर झालेत. इंजिन ठणठणीत आहे. फक्त तो पिवळा दिवा.

दिव्याची गोष्ट मी दोन गॅरेजांत सांगून झालेय. पहिल्या ठिकाणी स्कॅनर लावला, कोड निघाला पी ०४२०, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, अर्थात कॅटकॉन, नीट काम करत नाही. त्यांनी कोड पुसला आणि गाडी परत दिली. तीन आठवड्यांत दिवा पुन्हा हजर. दुसऱ्या ठिकाणी तोच कोड निघाला, म्हणून कॅटकॉनच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. साडेचार हजार रुपये. दिवा महिन्याने परत. मग त्यांनी दोन पर्याय पुढे ठेवले. नवा कॅटकॉन, चाळीस हजारांच्या वर. किंवा आतली जाळी फोडून रिकामं नळकांडं परत बसवायचं, आणि मागच्या सेन्सरखाली एक टेकू लावून संगणकाला गप्प करायचं. "सगळेच करतात मॅडम," म्हणाले. त्या दिवशी मी गाडी घेऊन निघून आले.

मिस्त्री हे सगळं ऐकून घेतात. जाळी फोडायच्या गोष्टीवर त्यांचा चेहरा आवळतो, पण बोलत काही नाहीत. विचारतात ते वेगळंच.

"दिवा लागतो कुठं?"

"म्हणजे? डॅशबोर्डवर."

"तसं न्हवं. रस्त्यात कुठं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, पण उत्तर मला पाठ आहे. गावात कधीच नाही. घर ते शाळा चार किलोमीटर, महिनाभर चालवा, काही होत नाही. महिन्यातून एकदा बाबांकडे कराडला जाते. जातानाही काही नाही. परतताना पेठ नाका मागे पडला, की वारणेच्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे तो लागतो. दर वेळी. मला तर त्या पुलाची धास्तीच बसलीय.

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू येतं. "बरोबर लागतोय की मग. जाताना संशय, येताना खात्री."

ते समजावतात. गाडीचा संगणक कॅटकॉनची परीक्षा येता-जाता घेत नाही. इंजिन पुरतं तापलेलं पाहिजे, आणि एकाच वेगात काही मिनिटं संथ चाल पाहिजे. गावातल्या सिग्नलांत आणि चार किलोमीटरांत ते जमतच नाही, परीक्षा अर्धवट राहते. महामार्गाला लागल्यावर ती पुरी होते. त्यात नापास झाला तरी संगणक लगेच बोंब मारत नाही, मनात टिपून ठेवतो. दुसऱ्या खेपेलाही तेच दिसलं, तर दिवा. कोड पुसला की ही टिपणंही पुसली जातात, मोजणी शून्यापासून सुरू. म्हणून पहिल्या गॅरेजनंतर मला वाटत राहिलं की काम झालं. काम झालेलं नव्हतं, फक्त मी कराडला गेले नव्हते.

आता स्कॅनर. स्टिअरिंगखाली गुडघ्याशी सोळा पिनांचं खोबणीसारखं सॉकेट आहे, बारक्या त्यात वायर खोचतो. टॅबवर कोड येतो, तोच. मिस्त्री मात्र कोडावर थांबत नाहीत, त्याच्यासोबत गोठवून ठेवलेला क्षण उघडतात. दिवा लागायच्या वेळी गाडी काय करत होती, ते संगणकाने जपून ठेवलेलं असतं. ताशी ७६ किलोमीटर. इंजिनचे फेरे २३५०. पाण्याचं तापमान ९१ अंश. "हा बगा तुमचा पूल," मिस्त्री म्हणतात.

मग ते आलेख लावतात, एकाखाली एक दोन रेघा. वरची पुढच्या सेन्सरची, जो इंजिनमधून येणारा ताजा धूर चाखतो. खालची मागच्या सेन्सरची, कॅटकॉनमधून बाहेर पडलेल्या धुराची. वरची रेघ सतत नाचतेय, दशांश एक व्होल्टपासून दशांश नऊपर्यंत, वर खाली, वर खाली. तिनं नाचायलाच हवं. संगणक पेट्रोल थोडं जास्त, थोडं कमी करत मधला तोल सांभाळत असतो, ती हालचाल तिच्यात उमटते. खालची रेघ मात्र शांत हवी, दशांश सहा-सातच्या आसपास, पावसाळा सरलेल्या तळ्यासारखी.

ती शांत नाही.

"म्हणजे कॅटकॉन गेलाच," मी म्हणते. चाळीस हजारांचा आकडा डोक्यात फिरायला लागतो.

"थांबा की. नीट बगा. वरच्या रेघंची नक्कल करतीय का ती?"

मी बघते. आणि मला दिसतं. नक्कल करत नाहीये. वरची नेमाने नाचतेय, तर खालची बराच वेळ वर टिकते, मग एकदम कोसळते, दशांश दोनवर जाते, पुन्हा चढते. तिला ताल नाही. अडखळत चालणाऱ्या माणसासारखी आहे.

इथं मिस्त्री बोलायला लागतात आणि बारक्याही पाना खाली ठेवून ऐकतो. कॅटकॉनच्या पोटात चिनी मातीसारख्या पदार्थाची जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी, हजारो बारीक नळ्यांची. त्या नळ्यांना आतून एक खरखरीत लेप असतो, आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, मिळून जेमतेम काही ग्रॅम. इंजिनमधून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या नळ्यांतून जाताना मोडतात, आणि बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, नायट्रोजन. पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो, आणि तो धुरात कधी जास्त असतो, कधी कमी. म्हणून लेपात सिरियम नावाच्या धातूचं ऑक्साइड घातलेलं असतं. जास्त झाला की ते ऑक्सिजन साठवतं, कमी पडला की काढून देतं. मिस्त्री त्याला कणगी म्हणतात. सुगीत भरायची, उन्हाळ्यात उपसायची.

संगणकाला विषारी वायू मोजता येत नाहीत, असं यंत्रच या गाडीत नाही. त्याला फक्त मागे किती ऑक्सिजन उरला तेवढं कळतं, आणि त्यावरून तो ठरवतो की कणगी शाबूत आहे का. जाळी मेली, कणगी फुटली, की पुढे जे नाचतं तेच मागे नाचतं. हुबेहूब. "तुमची तशी नाचत न्हाई," मिस्त्री म्हणतात. "हिला मधीच कुठनं तरी बाहेरची हवा मिळतीय. त्यो ऑक्सिजन कणगीतला न्हवं, रस्त्यावरचा हाय."

मला शाळेतली एक जुनी तक्रार आठवते. वर्गात कुणीतरी शिट्टी वाजवली म्हणून मागच्या बाकावरच्या ज्या मुलाला मी उभं केलं होतं, तो खिडकीपाशी बसायचा. शिट्टी खिडकीबाहेरून आली होती. त्या मुलाची माफी मागितली तेव्हा त्याचे डोळे कसे झाले होते ते मी विसरलेले नाही.

"पण पीयूसी तर पास झालीय," मी म्हणते आणि पर्समधून कागद काढते. मिस्त्री चष्मा लावून वाचतात. उभ्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड दशांश शून्य पाच टक्के, मर्यादा दशांश तीनची. वाढवलेल्या फेऱ्यांवर लॅम्डा १.०२. ते या शेवटच्या आकड्यावर नख ठेवतात. एकच्या वर किंवा खाली शून्य दशांश शून्य तीनपर्यंत चालतं. म्हणजे पास, पण वरच्या काठाला टेकून. "नळीत हवा जास्त हाय आसं ह्यो कागद बी म्हणतोय." माझ्या पर्समध्ये हा पुरावा चार महिने घडी होऊन पडलेला होता.

गाडी रॅम्पवर चढते. खालून बघताना तिचं वय दिसतं. गंज, चिखल, कुठल्याशा ओढ्यातला वाळलेला पाला. मिस्त्री कॅटकॉनवर रबरी हातोड्याने हलकेच टकटक करतात आणि कान लावतात. आतली जाळी फुटली असेल तर खुळखुळा वाजतो. वाजत नाही. बॉनेटखाली ऑइलची पट्टी त्यांनी आधीच बघून ठेवलीय. इंजिन ऑइल पीत असेल तर त्यातला फॉस्फरस हळूहळू जाळीवर बसतो आणि तिचं काम बंद पाडतो, म्हणून. पातळी जागेवर आहे. तापमानाची बंदूकही रोखून होते, कॅटकॉनच्या पुढे २८५ अंश, मागे ३१०. मागे जास्त, म्हणजे आत काहीतरी जळतंय, जाळी जिवंत आहे. पण लगेच ते बंदूक ठेवून देतात. "ह्याच्यावरनं लई ठरवायचं न्हाई. गार वाऱ्याची झुळूक आली तरी आकडा बदलतोय."

या एका वाक्यावर माझा त्यांच्यावर विश्वास बसतो. हातात आलेला सोयीचा आकडा बाजूला ठेवणारा माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय.

इंजिन बंद करून थोडं निवू देतात. धूळ उडवायचा ब्लोअर सायलेन्सरच्या शेपटीला लावून भोवती ओल्या फडक्याचा बोळा कोंबतात. बारक्या हवा सोडतो, उलट्या बाजूने. मिस्त्री साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन सांध्यासांध्यावर फवारत येतात. पहिला सांधा, काही नाही. मफलरची शिवण, काही नाही. मागच्या सेन्सरचं बूड, नव्यानेच बसवलेलं, काही नाही. त्याच्या वीतभर पुढे, कॅटकॉनमधून निघणारं नळकांडं जिथं पुढच्या पाइपाला मिळतं त्या सांध्यावर पाणी पडतं, आणि तिथं फेस येतो. एक बुडबुडा फुगतो, फुटतो, दुसरा फुगतो. वरच्या अंगाला, जिकडे कुणाची नजर जात नाही. आणि फेस निघून गेल्यावर खाली काळीभोर काजळी, काजळाच्या बोटासारखी ओढलेली.

आम्ही तिघंही काही वेळ नुसते बघत राहतो.

"धूर सलग व्हात न्हाई," मिस्त्री सांगतात. "एकेक सिलिंडर धक्का देतो. धक्का गेला की मागं पोकळी. त्या पोकळीत ही फट बाहेरची हवा ओढून घेती. आन् लगीच पुढं सेन्सर हाय. त्याला वाटतंय कॅटकॉननं ऑक्सिजन सोडला."

त्या सांध्यावर स्प्रिंग घातलेले दोन बोल्ट आहेत. मिस्त्री बॅटरीचा झोत एकदा एकावर, एकदा दुसऱ्यावर टाकतात. एक गंजून तांबडा झालाय. दुसरा त्याहून आखूड आहे, आणि त्याचं डोकं वेगळं.

"क्लच प्लेट कवा बदलली?"

मी गाडीतून बाबांची वही आणते. शेवटची काही पानं माझ्या हस्ताक्षरात आहेत, सवय मीही मोडलेली नाही. क्लच प्लेट बदलली, १,१२,४६०. तारीख, रक्कम. त्याच पानावर खाली, पाच ओळी सोडून, माझ्याच अक्षरात: इंजिनचा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला, १,१३,९१०.

पाच ओळी. त्यांच्यामध्ये पेट्रोलच्या नोंदी आणि एकदा वायपरची रबरं. मी कधी वरून खाली वाचलंच नाही.

या गाडीत क्लच काढायचा तर पुढचा पाइप उतरवावा लागतो. उतरवला, परत चढवला. सांध्यातली पॅकिंगची रिंग एकदा दबली की तिचा आकार कायमचा बसतो, ती पुन्हा वापरायची नसते. तीच वापरली. एक बोल्ट तुटला असावा, हाताला लागला तो दुसरा घातला. स्प्रिंगचा दाब एका बाजूला कमी पडला. वरच्या अंगाने रिंग करपत गेली. मिस्त्री दोष कुणाला देत नाहीत, नुसतं घडलेलं सांगतात.

मग वेळ जातो तो बोल्टांत. गंजलेल्या बोल्टावर स्प्रे मारून थांबायचं, परत मारायचं. चहा येतो. बारक्याला घाई झालीय, तो पाना लावू बघतो, मिस्त्री त्याचा हात धरतात. "तुटला तर ड्रिल माराय लागंल. तासाचं काम दिवसावर जाईल. तेल आत जाऊ दे." चहा पिताना ते जुने दिवस काढतात. पेट्रोलमध्ये शिसं असायचं तेव्हाचे. शिसं जाळीवर थर धरतं आणि तिला मारून टाकतं, म्हणून कॅटकॉन यायच्या आधी शिसं जावं लागलं. १९९५च्या एप्रिलमध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार शहरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटकॉन आणि बिनशिशाचं पेट्रोल एकदमच आलं. देशभरातून शिसं गेलं ते २०००च्या फेब्रुवारीत. २०१०च्या एप्रिलमध्ये भारत स्टेज चारचा नियम पहिल्यांदा तेरा शहरांत लागू झाला, त्यांत पुणं होतं, सोलापूर होतं, कोल्हापूर नव्हतं. एवढ्या वर्षांनी, एवढ्या पायऱ्यांनी जे नळकांडं आपल्या गाडीखाली आलं, ते कुणी हातोड्याने फोडून भंगारवाल्याला विकतो. भंगारवाल्याला ती जाळी हवीच असते, तिच्यातल्या धातूंसाठी.

"माझ्याकडं बी येत्यात," मिस्त्री म्हणतात. "जाळी काढा, गाडी पळती हो म्हणत्यात. मी न्हाई म्हणतो. शाळेच्या दारात गाड्या उभ्या करून पोरांची वाट बघता तुम्ही. पाइपाच्या उंचीला कोण आसतंय? पोरंच की."

आमच्या शाळेचं फाटक माझ्या डोळ्यांसमोर येतं. साडेबाराची वेळ, दोन रांगांत चालू इंजिनं, आणि त्यांच्यामधून पहिलीची मुलं.

गंजलेला बोल्ट अखेर सुटतो. पाइप खाली येतो, आणि रिंग मिस्त्रींच्या तळहातावर. राखाडी, अंगठीसारखी जाड, एका बाजूला खाल्लेली. बोटाने दाबल्यावर तिथला चुरा होतो. नवी रिंग पावणेतीनशे रुपयांची, दोन्ही बोल्ट आणि स्प्रिंगा मिळून आणखी थोडे. सांध्याची तोंडं वायरब्रशने घासून लखलखीत होतात. बोल्ट आळीपाळीने आवळले जातात, थोडा हा, थोडा तो. पुन्हा ब्लोअर, पुन्हा साबण. फेस नाही.

दुपारी आम्ही महामार्गाला लागतो. मी चालवतेय, मिस्त्री शेजारी, बारक्या मागे टॅब घेऊन. शिरोलीची गर्दी मागे पडते. किणीचा टोलनाका जातो. मिस्त्री म्हणतात, "आता पंचाहत्तरवर धरा. पाय हलवू नका." मी धरते. उसाची शेतं, ट्रॅक्टर, ढाब्यांच्या पाट्या. कुणी बोलत नाही.

"खालची सांग," मिस्त्री मागे न वळता म्हणतात.

"अडुसष्ट," बारक्या वाचतो. "सत्तर. सत्तर. एकोणसत्तर. एकाहत्तर. सत्तर."

वारणेचा पूल येतो. खाली पाणी संथ आहे, कडेला कुणीतरी म्हशी धुतंय. माझे डोळे रस्त्यावर हवेत, पण एकदा ते काट्यांवर जातातच. दिवा नाही.

"पासष्ट. बासष्ट. अठ्ठावन्न," बारक्याचा आवाज जरा चढतो. "सदुसष्ट. सत्तर."

"जरा हालली," मी म्हणते.

"हालंल. एक लाख अठ्ठावीस हजार झाल्यात. कणगी आता पयल्याएवढी भरत न्हाई. पर भरतीय."

पेठ नाक्यावर गाडी वळवण्याआधी आम्ही थांबतो. मी वही काढते, आकडा बघते, १,२८,३१४. पेन उघडून लिहायला लागते, इंजिनचा दिवा. मिस्त्री पाण्याची बाटली तोंडापासून काढतात.

"ताई, दिवा गेला आसं लिवू नका आजच. पॅकिंग बदललं, दोन बोल्ट बदलले, एवढंच लिवा. वडलांकडं जाऊन या एकदा. परत येताना हितनं पुढं गेला, की मग काय लिवायचं ते लिवा."

मी 'इंजिनचा दिवा' खोडते. त्यांनी सांगितलं तेवढं लिहिते, आणि खाली एक ओळ मोकळी सोडते.